आधी सही, मग गोष्ट

रविवारी दुपारी साडेतीनला आमच्या सोसायटीत कुणी कुणाच्या दाराची बेल वाजवत नाही. त्या दिवशी वाजली. बी विंगमधले काका होते. दोन विंगांमधलं अंगण ओलांडताना पायजमा घोट्यापर्यंत भिजलेला, छत्रीतून पाणी गळतंय, आणि शर्टाच्या आत छातीशी धरलेली निळी प्लॅस्टिकची फाईल मात्र कोरडी. चहा नको, पाणी नको, बसायलाही नको म्हणत ते सोफ्याच्या अगदी कडेला टेकले आणि म्हणाले, "ताई, तुम्ही पेटंटचं बघता ना? मला एका गोष्टीचं पेटंट काढायचंय." मला वाटलं, एखादी वस्तू असणार. काकांनी ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये आयुष्य काढलेलं. अशा माणसांच्या डोक्यात कुठली तरी फिक्श्चर, कुठला तरी जुगाड कायम फिरत असतो. मी विचारलं, कसली गोष्ट? ते जरा थांबले. "गोष्ट म्हणजे गोष्ट. कथा हो. पिक्चर होईल असा प्लॉट आहे माझ्याकडे."

काय प्लॉट आहे, असं मी साहजिकच विचारलं. त्यावर फाईल आणखी घट्ट झाली. "आधी सही, मग गोष्ट," असं म्हणून त्यांनी आतून पाचशेचा स्टॅम्प पेपर काढला. स्टेशनजवळच्या टायपिंगवाल्याकडून व्यवस्थित टाइप करून आणलेला. 'सदर कथानक मी कोणत्याही इसमास तोंडी अथवा लेखी सांगणार नाही.' खाली माझ्या नावासाठी रिकामी जागा. मी सही केली नाही. त्याऐवजी, सतरा वर्षं या धंद्यात असलेल्या माणसाला जी उत्तरं तोंडपाठ असतात ती दिली. गोष्टीला पेटंट मिळत नाही. आपल्या १९७० च्या पेटंट कायद्यात तिसरं कलम आहे, त्यात काय काय 'शोध' मानायचं नाही याची यादी आहे, आणि साहित्यकृती, नाटक, संगीत, चित्रपट, दूरचित्रवाणीचे कार्यक्रम हे सगळं त्या यादीत स्पष्ट लिहिलेलं आहे. तुम्ही लिहून काढा, लिहिलेल्याला कॉपीराइट आपोआप मिळतो, नोंदणीसुद्धा सक्तीची नाही, तुमच्या पश्चात ६० वर्षं टिकतो. काका ऐकत होते. "लिहिलेल्याला ना? प्लॉटला नाही ना?" मी म्हटलं, नाही. प्लॉटला नाही. त्यांनी कागद पुन्हा फाईलमध्ये, फाईल पुन्हा शर्टात घातली. दारात चपला घालताना, माझ्याकडे न बघता म्हणाले, "नऊ वर्षं झाली ताई. कुणालाच सांगितली नाही. बायकोलाही नाही."

नऊ वर्षं.

हे वाक्य त्या दिवसापासून मागे लागलं. भाजी निवडताना, तीन हात नाक्याच्या सिग्नलला रिक्षात अडकल्यावर, अँटॉप हिलला पेटंट ऑफिसच्या कामाला जाताना. मी दिलेली उत्तरं बरोबर होती, त्यात एक अक्षर चुकीचं नव्हतं, आणि तरीही माणूस काहीतरी मागायला आला आणि मी त्याला कलम वाचून दाखवलं असं वाटत राहिलं. त्यात आणखी एक होतं. पेटंट या शब्दाचा अर्थच मुळी 'उघडं पत्र' असा आहे. लॅटिनमधून आलेला शब्द. राजाने मोहोर लावून, कुणीही वाचावं म्हणून न मिटता दिलेलं पत्र. सरकार आणि शोध लावणारा यांच्यातला हा सरळ व्यवहार असतो: तू तुझी युक्ती जगाला संपूर्ण उलगडून सांग, इतकी की त्या विषयातल्या जाणकाराला ती नुसती वाचून करता आली पाहिजे, आणि त्याच्या मोबदल्यात अर्जाच्या तारखेपासून २० वर्षं आम्ही दुसऱ्या कुणाला ती करू देणार नाही. १८ महिने झाले की अर्ज प्रसिद्ध होतो, कुणीही उघडून वाचावा. काका पेटंट मागत होते ते गोष्ट झाकण्यासाठी. आणि पेटंटची पहिली अट आहे की झाकायचं नाही.

हा विचार करणारे काका जगात पहिले नाहीत. अमेरिकेत अँड्र्यू नाइट नावाच्या गृहस्थांनी नोव्हेंबर २००३ मध्ये खरोखरच एका कथानकाच्या पेटंटसाठी अर्ज केला होता. तो नोव्हेंबर २००५ मध्ये प्रसिद्ध झाला तेव्हा आमच्या व्यवसायातल्या लोकांत बरीच चर्चा झाली. कथानक असं: एमआयटी या तिथल्या नामांकित तंत्रविद्यापीठाच्या प्रवेशाची वाट बघणारा एक मुलगा देवाला विनवतो, निकालाचं पत्र येईपर्यंत मला भान नको. तो भानावर येतो तो तीस वर्षांनी. पत्र टपालात हरवलेलं असतं, आणि मधल्या काळात त्याचं शरीर संसार, नोकरी सगळं करत राहिलेलं असतं, त्याला काहीही ठाऊक नसताना. पेटंट मिळालं नाही. पण मी तो अर्ज वाचला तेव्हा कथानक मात्र मनात रुतून बसलं. किती जणांचं असंच होतं, कुठल्या तरी पत्राची वाट बघत मधली वर्षं कुणीतरी दुसराच जगून जातो. आणि बघा, हे मी इथे तुम्हाला चार ओळींत सांगून टाकलं. त्यांच्याकडून मी काही चोरलं का?

माझ्या कामाची गोष्ट सांगते, म्हणजे पुढचं नीट कळेल. वागळे इस्टेटमध्ये एक लघुउद्योजक आहेत, औषध कंपन्यांना लागणारे व्हॉल्व्ह करतात. त्यांनी सीलची रिंग बसते त्या खाचेचा आकार असा बदलला की दाब वाढला की रिंग उलट घट्ट बसते. त्यांच्या शेडमध्ये, कूलंटचा तो गोडसर-कुबट वास, पायाखाली लोखंडाचा कीस, अशा ठिकाणी मी दोन दुपारी ती खाच समजून घेत बसले होते. मग घरी येऊन क्लेम लिहिले. पेटंटमध्ये सगळं वजन क्लेमवर असतं. शेतजमिनीला जशी चतुःसीमा, तसा शोधाला क्लेम. पहिला क्लेम होईल तेवढा रुंद लिहायचा, म्हणजे शेजारचा कारखानदार खाच दोन अंशांनी तिरकी करून निसटणार नाही. त्याच्या पोटात मग एकेक अरुंद क्लेम. रुंद टिकला नाही तर अरुंद तरी हाती राहावा. 'वैशिष्ट्य असे की' या तीन शब्दांच्या पुढे जे येतं, ते तुमचं. बाकी जगाचं.

तर काका येऊन गेल्यावर आठवड्याभराने, रात्री सगळे झोपल्यावर, मी डायनिंग टेबलावर एक कोरा कागद घेऊन बसले आणि एका गोष्टीचे क्लेम लिहायला घेतले. काकांच्या नव्हे, ती मला ठाऊकच नव्हती. माझ्या.

१९९६ साली मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते आणि एकांकिका लिहायची या विचाराने झपाटले होते. मला एक प्लॉट सुचला होता. चाळीतलं घर, सासू नुकतीच वारलेली. घर ठरवतं की रेशनकार्डावरून तिचं नाव इतक्यात कमी करायचं नाही, साखर आणि रॉकेल तेवढंच जास्त मिळेल. मग रेशनिंगचा इन्स्पेक्टर तपासणीला येतो. घाबरून थोरली सून सासूचं लुगडं नेसते, पदर पुढे ओढते आणि कोपऱ्यात खोकत बसते. निभावतं. पुन्हा इन्स्पेक्टर येतो, पुन्हा लुगडं. हळूहळू ती लुगड्यातच राहायला लागते, सासूच्या आवाजात बोलायला लागते, आणि मुलगे तिला विचारल्याशिवाय घराबाहेर पडेनासे होतात. माझ्या शेवटात ती एक दिवस पदर मागे टाकून 'मी आई नाही' म्हणून रडते. हे मी कॉलेजमागच्या टपरीवर, कटिंग चहा गार होईपर्यंत, एका सिनियरला सांगितलं. तो दुसऱ्या कॉलेजच्या ग्रुपमधला, बक्षिसं मिळवणारा मुलगा. त्याने सगळं ऐकलं, दोन प्रश्न विचारले, म्हणाला, लिही, छान आहे. मी लिहीन लिहीन म्हणत राहिले. सबमिशन आलं, परीक्षा आली.

पुढच्या वर्षी गडकरी रंगायतनला स्पर्धेची फेरी होती. मी मैत्रिणीबरोबर मागच्या रांगेत बसलेले. तिसरी घंटा झाली, पडदा वर गेला, आणि रंगमंचाच्या कोपऱ्यात दोरीवर एक हिरवं लुगडं वाळत घातलेलं दिसलं. त्या लुगड्यावरून मला कळलं. अजून कुणी एक वाक्यही बोललं नव्हतं. पुढची चाळीस मिनिटं मी काय अनुभवत होते ते आजही सरळ सांगता येत नाही. पोटात खड्डा पडलेला, कान गरम झालेले, आणि त्याच वेळी प्रत्येक पात्र आत आलं की ओळखीचं माणूस घरी आल्यासारखा आनंद. मग शेवट आला. इन्स्पेक्टर पुन्हा येतो, कार्ड उघडतो, माणसं मोजतो आणि म्हणतो, एक बाई कमी दिसते, थोरली सून कुठाय? घरातले सगळे एकमेकांकडे बघतात. कुणाला आठवतच नाही. आणि कोपऱ्यातून म्हातारीच्या आवाजात उत्तर येतं, "ती गेली. नाव कमी करून टाका."

अंधार.

माझा शेवट तो नव्हता. माझ्या डोक्यात तो आलाही नव्हता. सगळं थिएटर टाळ्या वाजवत होतं आणि माझेही हात वाजवत होते. बाहेर तलावपाळीवर नेहमीसारखी गर्दी, भेळेच्या गाड्या, पाण्यात हलणारे दिवे. मैत्रीण सारखी म्हणत होती, काय शेवट होता गं. तो सिनियर मेकअप उतरवलेल्या नटांच्या घोळक्यात उभा होता. मला बघून मनापासून हसला. "आलीस? बरं झालं. तू पण असंच काहीतरी सांगत होतीस ना एकदा?" त्याला अर्धवट आठवत होतं आणि त्याच्या चेहऱ्यावर काहीही लपवल्याची खूण नव्हती. मी हो म्हटलं. त्यानंतर मी नाटक लिहिलं नाही. याला तोच कारण असं म्हणणं खरं होणार नाही, आळसही होता, पोटापाण्याचं बघायचंही होतं. पण जखम झाली हे खरं, आणि ती अजून दुखते हेही खरं.

तर त्या रात्री मी क्लेम लिहिला. 'एक नाट्यकथानक, ज्यात कुटुंबातील मृत व्यक्तीच्या जागी जिवंत व्यक्ती लाभासाठी तिचे सोंग घेते. वैशिष्ट्य असे की, सोंग घेणारी व्यक्ती कालांतराने त्या जागी कायमची स्थिर होते.' हा क्लेम एक. क्लेम दोन: मृत व्यक्ती सासू, सोंग घेणारी सून. क्लेम तीन: लाभ म्हणजे रेशन. लिहून झाल्यावर मी व्हॉल्व्हच्या क्लेमकडे बघते तशा थंड नजरेने त्याकडे बघितलं. अरुंद क्लेमचा काही उपयोग नाही, रेशनच्या जागी पेन्शन घातली की कुणीही निसटेल. रुंद क्लेम मात्र भयंकर आहे. तो हातात असता तर मी त्या मुलाची तालीमच थांबवू शकले असते. मग 'नाव कमी करून टाका' हे वाक्य त्या थिएटरमध्ये कुणी ऐकलंच नसतं, मीही नाही. आणि तो एकटाच कशाला. सोंग घेता घेता सोंगच होऊन बसणं, ही तर आपल्याकडची किती जुनी चीज. भारुडातली सोंगं, तमाशातले वग, दारात पोलिसाच्या वेषात येऊन दम भरणारा आणि मग हसून पसा पुढे करणारा बहुरूपी, सगळ्यांना माझ्या चतुःसीमेत यावं लागलं असतं. शिवाय पेटंटचा एक नियम फार कठोर आहे. दुसऱ्याने तुमचं बघितलेलंसुद्धा नसलं, स्वतःच्या डोक्याने तिथे पोचला, तरी तो दोषी. कॉपीराइटमध्ये नक्कल सिद्ध करावी लागते, इथे नाही. म्हणजे सावंतवाडीतल्या कुणा मुलीला स्वतःच्या आजीवरून हीच गोष्ट सुचली असती, तर तिला नोटीस पाठवायचा हक्क मला होता. व्हॉल्व्हच्या बाबतीत हे मला कधी खुपलं नाही. त्याच आकाराची खाच दोघांनी कापली तर निघतो एकच व्हॉल्व्ह. एकाच सासूबद्दल दोघांनी लिहिलं तर दोन सासवा निघतात.

आणि तपासणार कसं? अर्ज आला की परीक्षक आधी शोधतो, हे पूर्वी कुणी केलंय का. आम्ही त्याला प्रायर आर्ट म्हणतो. हळदीचं प्रकरण आठवत असेल. जखमेवर हळद लावण्याचं पेटंट अमेरिकेत १९९५ मध्ये चक्क दिलं गेलं होतं. डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेने ते लढवलं आणि १९९७ मध्ये ते रद्द झालं. त्यासाठी संस्कृत ग्रंथातले उतारे आणि १९५३ साली एका वैद्यकीय नियतकालिकात छापून आलेला लेख असे लेखी पुरावे ठेवावे लागले. आपल्या आईने खरचटलेल्या गुडघ्यावर दाबलेली हळद तिथे पुरावा म्हणून चालत नाही. मग जात्यावर पहाटे कुणी गायलेल्या ओवीतली गोष्ट, तिचा कागद कुठून आणायचा, तारीख कुठून आणायची? गोष्टींना पेटंट मिळायला लागलं तर पहिल्या झटक्यात जाईल ते हेच, ज्यावर कुणाचंच नाव नाही ते.

माझी आजी श्रावणातल्या शुक्रवारी जिवतीची कहाणी सांगायची. आम्हा मुलांच्या मुठीत तांदळाचे चार-चार दाणे द्यायची आणि कहाणी संपेपर्यंत मूठ उघडायची नाही. 'आटपाट नगर होतं' म्हणताच आम्ही सावरून बसायचो. दर वर्षी तीच कहाणी, आणि दर वर्षी आजी तिच्यात काहीतरी घालायची. एका वर्षी राणीला गुडघेदुखी होती, कारण आजीला होती. एका वर्षी सुईणीचं घर नळबाजारात होतं. मूठ घामाने ओली व्हायची, दाणे तळव्याला चिकटायचे, सुफळ संपूर्ण झालं की ते देवावर टाकताना एखादा हाताला तसाच राहायचा. कहाणी कुणाची, हा प्रश्न त्या घरात कुणाला पडला नाही. पण आजीची कहाणी आजीचीच होती. मावशी तीच सांगायची तर आम्ही उठून जायचो.

गुणाढ्याची दंतकथा मला या संदर्भात सारखी आठवते. आपल्या पैठणची, सातवाहन राजाच्या दरबारातली. पैजेत हरल्यामुळे त्याने संस्कृत-प्राकृत सोडलेली, म्हणून त्याने सात लाख श्लोकांची बृहत्कथा लिहिली ती 'पैशाची' नावाच्या भाषेत, आणि रानात शाई नाही म्हणून स्वतःच्या रक्ताने. राजाने ती नाकारली. तेव्हा गुणाढ्याने डोंगरावर कुंड पेटवलं, एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवायचं आणि अग्नीत टाकायचं. जनावरं चरायची विसरून, डोळ्यांत पाणी आणून ऐकत उभी. राजाच्या ताटातलं मांस सुकं लागायला लागलं तेव्हा चौकशी झाली, राजा धावत आला, तोवर सहा लाख श्लोक जळले होते. उरला एक लाख. पण तो उरलेला एक लाखही आज कुणाकडे नाही. बृहत्कथा मुळातून नाहीशी झाली. आपल्यापर्यंत आली ती अकराव्या शतकात काश्मिरात सोमदेवाने संस्कृतात सांगितलेल्या कथासरित्सागरातून, क्षेमेंद्राच्या बृहत्कथामंजरीतून, आणखी कुणाकुणाच्या तोंडून. दुसऱ्यांनी प्लॉट घेतला म्हणून गुणाढ्य वाचला. आणि त्यांनी त्याचं नाव सांगितलं म्हणून आज आपण त्याला गुणाढ्य म्हणतो. मला यातलं दुसरं वाक्य पहिल्याइतकंच मोठं वाटतं.

कारण इथेच माझं मन अडकतं. प्लॉट सगळ्यांचा असतो हे वाक्य घेणाऱ्याच्या तोंडी फार सोपं जातं. आर. जी. आनंद यांनी १९५३ साली 'हम हिंदुस्तानी' हे नाटक लिहिलं. पंजाबी आणि मद्रासी असे दोन शेजारी, त्यांची मुलं प्रेमात पडतात, प्रांताभिमान आड येतो. नाटक दिल्लीत गाजलं. १९५५ मध्ये चित्रपट दिग्दर्शक मोहन सेहगल त्यांना भेटले, आनंद यांनी संपूर्ण नाटक त्यांना वाचून दाखवलं. पुढे काही कळवलं गेलं नाही, आणि १९५६ मध्ये 'न्यू दिल्ली' चित्रपट आला. आनंद न्यायालयात गेले. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शेवटचा निकाल दिला: कल्पना, विषय, कथानक, पुराणातल्या वा इतिहासातल्या घटना यांवर कुणाचा कॉपीराइट नसतो, तीच कल्पना वेगळ्या रीतीने फुलवली तर साम्य येणारच. आनंद हरले. निकाल बरोबर आहे असं मी मानते, अशिलांना त्याचाच दाखला देते. पण त्या निकालपत्रातलं नाटक वाचून दाखवण्याचं वर्णन आलं की मी दर वेळी थांबते. लेखक पानं उलटतोय, आवाज बदलून दोन्ही बापांचे संवाद म्हणतोय, समोरचा ऐकतोय. आणि मग तेवीस वर्षं.

त्या लेखकाला हवं होतं ते पेटंटने मिळालं नसतं. मला हवं होतं तेही नाही. मला त्या मुलाची एकांकिका बंद पाडायची नव्हती. सूत्रधाराच्या निवेदनात एक ओळ हवी होती, मूळ कल्पना अमुक. एवढंच. त्यासाठी कायद्यात असलेली वाट कल्पनेच्या मालकीची नाही, विश्वासाची आहे. एखाद्याला भरवशाने सांगितलेली, नीट आकाराला आलेली कल्पना त्याने परस्पर वापरली तर न्यायालय त्याला अडवू शकतं. मुंबई उच्च न्यायालयाने २००३ मध्ये एका दूरचित्रवाणी मालिकेच्या बाबतीत हेच केलं. कल्पनेला कुंपण घातलं नाही, ज्याने ऐकलं त्याला ऐकल्याची जबाबदारी दिली. हे लिहिता लिहिता लक्षात आलं, काकांनी टाइप करून आणलेला कागद नेमका तोच होता. त्यांनी मागितलं चुकीच्या नावाने, आणलं होतं बरोबर. आणि मी सही केली नाही.

पुढच्या शनिवारी संध्याकाळी मी बी विंगला जाऊन बेल वाजवली. म्हटलं, काका, फाईल घ्या, उपवनला जाऊ. पाऊस उघडला होता. तळ्याकाठी बाकं ओली, मागे येऊरच्या डोंगरावर ढग टेकलेले, भाजलेल्या कणसाचा धूर. मी आधी सही केली, तारीख घातली. काकांनी ती वाचली, चष्मा पुसला आणि गोष्ट सांगितली. सहा-सात मिनिटांत संपली. तेच जरा गोंधळले. "एवढीच झाली?" म्हणाले. नऊ वर्षं ती त्यांच्या डोक्यात केवढी मोठी झाली असेल. गोष्ट काय आहे ते मी इथे लिहिणार नाही, सही केली आहे. फक्त एक तपशील सांगायला त्यांनी परवानगी दिली. मी विचारलं होतं, तुमचा तो माणूस कामाची पाळी सुरू व्हायच्या आधी करतो काय? काकांनी खिशातलं पेन काढलं, त्याचं टोक बाकाच्या लोखंडी दांडीवर टेकवलं, दुसरं टोक कानाला लावलं आणि डोळे मिटले. "असं. स्क्रू ड्रायव्हरने. टोक बेअरिंगवर आणि मूठ कानाला. मशिन आत काय बोलतं ते ऐकू येतं. बेअरिंग जायच्या आठ दिवस आधी आवाज बदलतो, वाळू चावल्यासारखा." कणीसवाल्याजवळची दोन पोरं आमच्याकडे बघत होती. काका तसेच, कान पेनाला लावून. मी म्हटलं, हे फाईलमध्ये आहे? ते म्हणाले, नाही, हे कशाला लिहायचं, हे सगळ्यांना माहीत असतं.

मग जवळजवळ दीड तास ते बोलत राहिले. टूलरूमच्या खिडकीतून दिसणारा पिंपळ, रात्रपाळीचा डबा कंप्रेसरवर गरम करायची पद्धत, संप मिटल्यावर पहिल्या दिवशी कुणी कुणाच्या डोळ्याला डोळा दिला नाही ते. अंधार पडला, तळ्याभोवतीचे दिवे लागले. शेवटाबद्दल मी एक प्रश्न विचारला. ते बराच वेळ पाण्याकडे बघत राहिले.

"तेच तर नऊ वर्षं ठरत नाहीये," म्हणाले. "तुम्हाला काय वाटतं, ताई?"

मला वाटलं ते मी सांगितलं. काकांनी पेन उघडलं, स्टॅम्प पेपर उलटा केला, मांडीवर फाईल ठेवून मागच्या कोऱ्या बाजूवर ते लिहून घेतलं, आणि पुढे कंसात माझं नाव घातलं.